आधी घेणारा आणि नावाला धरून बसणारा

दिवाळीचा बोनस हाती पडला की शिरवळ, खेड-शिवापूरच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या आमच्या भोरच्या पोरांची पावले मोबाईलच्या दुकानाकडे वळतात. (दिवाळी आपण साजरी करो वा न करो, बोनस मात्र दिवाळीलाच मिळतो!) फोन घेण्याला आमचा विरोध नाही. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा तर ओटीपी फोनवरच येतो. कंत्राटदाराचा निरोप फोनवर, विहारातील कार्यक्रमाचे निमंत्रणही फोनवरच. आमचे म्हणणे आहे ते सर्वांच्या आधी घेण्याच्या हौसेबद्दल आणि एकाच कंपनीचे नाव कुळाचारासारखे धरून बसण्याबद्दल.

फाइव्ह-जी फोन भारतात विक्रीला आले फेब्रुवारी २०२० मध्ये. देशात फाइव्ह-जी सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ रोजी, तीही आधी निवडक मोठ्या शहरांत. मधली अडीच वर्षे ज्यांनी फाइव्ह-जीच्या नावाने जादा पैसे मोजले, ते कशाचे मोजले? बारा हप्त्यांचा फोन सेवा येण्याआधीच फिटला आणि बॅटरीही थकली. वेल्ह्याच्या डोंगरातील वस्त्यांवर तर साधा फोन लावायलाही टेकाड चढावे लागे. २०१७ साली पंधराशे रुपये अनामत घेऊन जिओफोन आला, तो गोरगरिबांनी आनंदाने घेतला. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप यायला सप्टेंबर २०१८ उजाडले. ज्यांनी व्हॉट्सअ‍ॅपसाठीच घेतला होता, त्यांनी वर्षभर वाट पाहिली.

यावर तरुण मंडळी आम्हाला विचारतात, “आम्हीच का थांबायचे? नवी वस्तू पहिल्यांदा वापरण्याचा मान काय त्यांनाच?” प्रश्न खरा आहे. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याने उतरवलेले कपडे अंगावर घातले, त्यांच्या नातवाला कोरा फोन हवासा वाटला तर आम्ही नाक मुरडणार नाही. पण सहा महिने थांबल्यानेही फोन कोराच मिळतो, बहुतेक वेळा स्वस्त मिळतो, आणि त्यातील खोडी तोवर दुसऱ्यांच्या पैशाने उघड झालेल्या असतात.

आता नावाच्या भक्तीचे. राजकारणातील भक्तीपासून बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सावध केले होते. आपण मात्र ती मोबाईलच्या कंपनीला वाहतो. आमच्या पिढीत पुष्कळांचा पहिला फोन नोकियाचा. २००३ साली निघालेला ११०० तर बॅटरीच्या उजेडासह खेडोपाडी पोहोचला. लाईट गेली की आधी तोच हाताशी यायचा. त्याच विश्वासावर पुढे अनेकांनी नोकियाचाच लुमिया घेतला. बाजार अँड्रॉइडकडे वळला होता, पण “नोकिया म्हणजे टिकाऊ” एवढेच कानात बसलेले. २०१४ मध्ये नोकियाने हा धंदा मायक्रोसॉफ्टला विकला आणि ३१ डिसेंबर २०१९ नंतर त्या विंडोज फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालेनासे झाले. फोन धडधाकट, पण निरोप येईना! २०१७ पासून नोकिया नावाचे फोन पुन्हा दुकानात दिसले, ते विकणारी कंपनी एचएमडी नावाची दुसरीच होती. आणि चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला ज्या कामगारांच्या हातून नोकियाचे कोट्यवधी फोन बनले, त्यांच्या कारखान्याला नोव्हेंबर २०१४ मध्येच टाळे लागले होते. त्यांची निष्ठा तर गिऱ्हाइकापेक्षा मोठी होती.

तेव्हा या खेपेला दुकानात जाल तेव्हा कंपनीचे नाव शेवटी विचारा. सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार ते आधी विचारा. हप्ता बिनव्याजी म्हणतात, मग प्रोसेसिंग फी किती, हे कागदावर लिहून मागा. दुरुस्ती भोरलाच होते की पुण्याला जावे लागते, तेही विचारून घ्या. पुण्याची एक खेप म्हणजे एका दिवसाची हजेरी बुडाली. दुकानदार कुरकुर करील. करू द्या.