खानापूर कुणाचं? मतपेटी काय सांगते ते नीट वाचूया

मंडळी, गोव्यात, पुण्यात, बडोद्यात कुठंही आपल्या भागातली चार माणसं भेटली की निवडणुकीच्या दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो, "काय हो, आपलं खानापूर गेलं कसं?" मग कुणी मतदारसंघ पुनर्रचनेला दोष देतं, कुणी पैशाला, कुणी गटबाजीला. प्रत्येकात थोडं तथ्य आहे. पण एवढ्यावर आपण थांबलो तर पुढची निवडणूकही अशीच जाईल. म्हणून जरा स्पष्ट लिहितोय.

लांबच्या वाचकांसाठी आधी भूगोल. खानापूर हा बेळगाव जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा तालुका, आणि आज विधानसभेचा मतदारसंघही तोच. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा, लोंढा, गुंजी हा सगळा घाटमाथा. मलप्रभा कणकुंबीत उगवते आणि पूर्वेला जाते. म्हादई देगावच्या रानात उगवते आणि गोव्यात उतरते. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरला की साखळी, म्हणून आपली कितीतरी घरं पोटापाण्यासाठी गोव्यात गेली ती याच वाटेनं. मध्ये नंदगड, हलशी. पूर्वेला बिडी, इटगी, कक्केरी, पारिश्वाड, हा सखल आणि कन्नडबहुल पट्टा. पश्चिमेकडं वाड्या विरळ, पाऊस प्रचंड, रस्ते कच्चे. पूर्वेला गावं मोठी आणि सलग. उमेदवाराला एका दिवसात पूर्वेची पाच गावं होतात, पश्चिमेला भीमगडच्या जंगलातल्या दोन वाड्या झाल्या तरी पुष्कळ. नकाशा नुसता बघून हे कळत नाही, पण इथल्या राजकारणात त्याचा वाटा मोठा आहे.

आता मतदानाचा इतिहास. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून महाराष्ट्र एकीकरण समितीनं प्रत्येक निवडणूक सार्वमतासारखी लढवली. नीळकंठराव सरदेसाई, अशोक पाटील, दिगंबर पाटील ही नावं घराघरात पाठ आहेत. अनेक दशकं खानापूर म्हणजे समितीची हक्काची जागा, असंच समीकरण होतं. १९६७ च्या महाजन अहवालाची गंमत तर बघा. बेळगाव शहर कर्नाटकात ठेवा म्हणणाऱ्या त्याच अहवालानं निपाणी, खानापूर आणि नंदगड महाराष्ट्राला द्यायची शिफारस केली होती. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला आणि तो का नाकारला ते आपण सगळे जाणतो. बेळगाव सोडून कुणाला काही नको होतं. पण त्या निर्णयाची किंमत खानापूरनंही मोजली, हे कधीतरी मोठ्यानं म्हणायला हवं.

मग २००८ साल आलं. पुनर्रचनेत उचगाव आणि बागेवाडी हे जुने मतदारसंघ गेले आणि बेळगाव उत्तर, दक्षिण, ग्रामीण असे नवे आले. त्या वर्षी समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. खानापुरात भाजपचे प्रल्हाद रेमाणी जिंकले. तेव्हापासून "पुनर्रचनेनं मारलं" हे वाक्य रूढ झालं. पण त्याच नकाशावर २०१३ ला खानापुरातून अरविंद पाटील आणि बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील निवडून आले की! मग दोष सगळा नकाशाचा कसा?

२०१८ ला समितीचे दोन गट, दोन उमेदवार. एकीकडं अरविंद पाटील, दुसरीकडं विलास बेळगावकर. काँग्रेसच्या डॉ. अंजली निंबाळकर छत्तीस हजारांच्या वर मतं घेऊन जिंकल्या. समितीच्या दोघांच्या मतांची बेरीज केली तर ती त्याच्या पुढं जाते. इथवर गटबाजीचं उत्तर बरोबर आहे. पण २०२३ ला समितीचा उमेदवार एकच होता. तरी भाजपचे विठ्ठल हलगेकर पन्नास हजारांहून जास्त मताधिक्यानं आले आणि समिती फार मागं पडली. आता काय म्हणायचं? एकी झाली, आणि मतं मात्र निघून गेली होती.

माझं मत असं आहे. खानापूरच्या मराठी माणसानं मराठी सोडलेली नाही. निंबाळकर काय, हलगेकर काय, दोघंही मतं मागायला मराठीतच फिरले. मतदारानं सोडला तो आमदारकीचा जुना अर्थ. "एकदा निवडून द्या, सीमाप्रश्न जिवंत ठेवू" हे ऐकून आजोबांनी मत दिलं, वडिलांनी दिलं. नातू विचारतो, प्रश्न सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे, तोवर माझ्या वाडीला बस कधी? पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं त्याचं काय? अभयारण्यातून उठायचं म्हटलं तर भरपाई कोण बघणार? आणि या प्रश्नांत गैर काय आहे? तो काही गद्दार नव्हे.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. महाराष्ट्रानं आणि समितीनं आजवर निवडणुकीचे निकाल लोकेच्छेचा पुरावा म्हणून दाखवले. आता तेच निकाल समोरचा आपल्याला दाखवतो, "बघा, संपला प्रश्न." खानापूरच्या एखाद्या मराठी घरानं रस्त्यासाठी कमळाला किंवा हाताला मत दिलं, तर ते कर्नाटकाला दिलेलं मत नव्हे. पण बाहेर ते तसंच वाचलं जातं. म्हणून जागा जाणं ही साधी हार नाही.

मग करायचं काय? भाषा आणि रोजचं काम वेगळं काढणं आधी थांबवा. तालुक्यात एखाद्या भाषिक अल्पसंख्याकाची संख्या १५ टक्के असली तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, अशी केंद्रानं मान्य केलेली तरतूद आहे. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो आणि घरातल्या म्हातारीला तो वाचता येत नाही. हा सीमाप्रश्न आहे की रोजचा प्रश्न? दोन्ही आहे. ग्रामपंचायतीपासून असली कामं धरणारा माणूस उद्या आमदारकीला उभा राहिला, तर लोक त्याला ओळखतील. निवडणुकीआधी तीन महिने बैठका घेऊन उमेदवार ठरवायचे दिवस गेले.

नकाशाकडं बघायचं ते भविष्यासाठी. खानापूर जिल्ह्यानं बेळगावचं, पण लोकसभेला उत्तर कन्नडचं. बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर, आणि आपला खासदार ठरतो शिरसी-कारवार-भटकळच्या जोडीनं. निपाणी चिकोडी लोकसभेत. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातलं मराठी मत तीन लोकसभांत वाटलेलं. २०२१ च्या बेळगाव पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळकेंना १,१७,१७४ मतं पडली आणि भाजपच्या मंगला अंगडी ५,२४० मतांनी जिंकल्या. त्या लढतीत खानापूरचं एकही मत मोजलं गेलं नाही, कारण ते त्या मतदारसंघातच नाही.

२०२७ च्या जनगणनेनंतर पुन्हा पुनर्रचना होण्याची चिन्हं आहेत. आयोग आधी मसुदा काढतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. त्या वेळी तालुका अखंड ठेवा आणि लोकसभेला बेळगावशी जोडा, एवढी मागणी गावोगावच्या ठरावांसह, लेखी आणि मुदतीत गेली पाहिजे. मागणी मान्य होईलच असं नाही. पण निकाल लागल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा मसुद्याच्या वेळी अर्ज देणं कितीतरी उपयोगाचं.

बाहेर स्थायिक झालेल्यांचं मत खानापुरात नाही, आणि नसावंही. पण वकील, शिक्षक, नकाशे समजणारे, हिशेब जाणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. गावाकडच्या पोरांना अर्ज लिहायला, गावनिहाय मतदानाचे आकडे मांडायला मदत करा. "खानापूर गेलं कसं" हे विचारून झालं. आता गावाकडं फोन लावा आणि पंचायतीत मराठीतून काय मिळतं, काय मिळत नाही, ते विचारा. कामाची यादी तिथूनच तयार होईल.