जकात अमेरिकेची, झळ यवतमाळची

सातासमुद्रांपलीकडच्या एका सहीने आपल्या बांधावरच्या बोंडाचा भाव हलावा, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. यवतमाळ जिल्ह्याला मात्र ते नवे नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले आणि मुंबईतल्या भल्याभल्या पेढ्यांचे दिवाळे वाजले. पुढे हाच कापूस मूर्तिजापूरमार्गे मुंबईला जावा म्हणून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आली. फरक इतकाच, की तेव्हाचे सरकार मदतीचे नाव काढत नव्हते; आताचे काढते. ती मदत कुठवर पोचते आणि तिचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे पाहण्यासारखे आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून, रशियाचे तेल घेतो म्हणून, आणखी २५ टक्के जादा कर बसवला. बांगलादेश आणि व्हिएतनामवर तो २० टक्के होता. तयार कपड्यांचे आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिकाच. एवढ्या फरकाने महाग झालेला सदरा कोण घेणार? तिरुपूरच्या कारखानदारांची झोप उडाली यात नवल नाही, आणि सरकारने त्यांच्यासाठी धावून जाणेही योग्यच होते. तिथे हजारो हातांची रोजीरोटी आहे.

मदत दोन वाटांनी आली. पहिली वाट बँकेची. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्यातदारांच्या २०,००० कोटी रुपयांपर्यंतच्या जादा कर्जाला शंभर टक्के सरकारी हमी मंजूर केली. दोनच दिवसांनी रिझर्व्ह बँकेने ठरावीक निर्यात उद्योगांना १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरमधले कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली.

माझी सारी नोकरी बँकेच्या काउंटरमागे झाली, त्यामुळे या भाषेचा अर्थ लावायची सवय आहे. हमी म्हणजे देणगी नव्हे. कर्जदार बुडाला तर बँकेचे नुकसान सरकार भरील, इतकाच तिचा अर्थ; घेतलेला पैसा कर्जदारालाच फेडायचा असतो. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. तरीही अडचणीतल्या धंद्याला श्वास घ्यायला चार महिने मिळणे ही मोठी गोष्ट असते.

आता वणी, पांढरकवडा किंवा राळेगावच्या जिनिंगवाल्याकडे पाहा. तो कापूस घेतो, सरकी वेगळी काढतो, १७० किलो रुईची गाठ बांधतो आणि सूतगिरणीला विकतो. परदेशातून ऑर्डर कमी झाली म्हणून गिरणीने गाठी उचलल्या नाहीत, तर त्याचा पैसा गोदामात अडकून पडतो. पण त्याच्या हिशेबाच्या वहीत अमेरिकेचे नाव कुठेच नाही. आपल्याला जकातीची झळ लागली, हे त्याने कोणता कागद दाखवून सिद्ध करायचे? आणि ज्याने त्याला कापूस विकला, त्या शेतकऱ्याने?

दुसरी वाट थेट आपल्या शेतातून गेली. कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क होते. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून ते उठवले. आधी मुदत ३० सप्टेंबर होती. ती वाढवून ३१ डिसेंबर केली. गिरण्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जगाच्या बाजारापेक्षा आपली रुई महाग पडत होती. पण तारखा पाहा. शेतकऱ्याने जूनमध्ये पेरणी केली तेव्हा एक नियम होता. सीतादही करून वेचणीला हात घातला तेव्हा दुसरा. परदेशी गाठी बिनशुल्क उतरू लागल्या, त्यात अमेरिकेच्याही होत्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असे म्हणतात. इथे तर बंबातले पाणीही सोमेश्वरच्याच विहिरीतून उपसले गेले.

कोणी म्हणेल, हमीभाव आहे ना? आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये ठरले, आणि भारतीय कापूस महामंडळ खरेदीही करते. पण त्यासाठी मोबाइलवर नोंदणी हवी, कापसातली ओल १२ टक्क्यांच्या आत हवी आणि थांबायची ताकद हवी. किराणा, मजुरी, मुलांची फी यांनी घेरलेला माणूस थांबत नाही. तो दारात आलेल्या व्यापाऱ्याला माल देतो. आणि व्यापारी भाव ठरवताना हमीभावाच्या पाटीकडे पाहत नाही, गिरणीकडे पाहतो.

बँकेत पहिल्याच दिवशी शिकवतात, की एकाच्या जमेला रक्कम पडली, तर दुसऱ्या कुणाच्या तरी नावे ती पडलीच पाहिजे. सरकारी मदतीलाही हा नियम चुकत नाही. गिरण्यांना उघडपणे तिजोरीतून अनुदान दिले असते तर ते अंदाजपत्रकात दिसले असते, त्यावर संसदेत चर्चा झाली असती. शुल्क उठवले की खर्च कुठेच दिसत नाही. तो यवतमाळच्या काटापट्टीवर क्विंटलमागे कमी मिळालेल्या रुपयांत लपतो.

म्हणून मागणे साधे आहे. निर्यातदाराला मदत जरूर द्या, पण ती तिजोरीतून द्या. पेरणी ते वेचणी या काळात शुल्काचे नियम बदलू नका. आणि निर्यातदाराचे हप्ते लांबवता, तशीच मुदत पीक कर्जालाही द्या. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडले तर व्याज पडत नाही. पण भाव पडल्यामुळे शेतकऱ्याने कापूस घरात ठेवला, की मुदत टळते आणि सवलत जाते. म्हणजे तोटा दुहेरी.

२००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात यवतमाळ होते. घरातली कर्ती माणसे गेल्यानंतर आलेली ती मदत होती. जकातीचे आकडे वर-खाली होतच राहतील, ते आपल्या हाती नाही. त्यांची झळ कोणाच्या नावे टाकायची, हे मात्र पूर्णपणे आपल्याच हाती आहे.