गाडी तापते, मॅन्युअल थंड!

मित्रांनो, मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. केजीपासून कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ म्हटलं की घाम फुटतो. चुका पोटात घाला. पण हा विषय इंग्रजी विभागात दिला असता तर ज्यांच्यासाठी लिहितेय त्यांच्यापर्यंत तो कधीच पोचला नसता.

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. सेमिस्टर संपवून शिरोळला घरी गेले होते. आमच्या उसाला तोड आली होती. शेजारच्या रानातलं पाणी फुटून फडात शिरलं आणि भरलेली ट्रॉली काळ्या मातीत आसापर्यंत रुतली. कृष्णा-पंचगंगेकाठची ही माती ऊस झकास पिकवते, पण ओली झाली की चाक सोडत नाही. ट्रॅक्टर जागेवरच चाकं फिरवायला लागला. तेव्हा माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, सुचलं की आपली नवी ऑटोमॅटिक फोर-व्हील-ड्राइव्ह आणू आणि टोचन लावू. 'तिला क्लचच नाही, मग जळणार काय?' हे त्याचं लॉजिक!

साखळी बांधली, गिअर 'डी'मध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. इंजिन गुरगुरतंय, गाडी तसूभर हलत नाही. थोड्याच वेळात समोर पिवळा दिवा लागला. दादाने घाबरून इंजिनच बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. "तू मेकॅनिकलला ना? बघ काय झालं!"

मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून मॅन्युअल काढलं. त्याची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. जाडजूड इंग्रजी पुस्तक. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की गिअरबॉक्सचं तेल तापल्याचा दिवा लागला तर गाडी थांबवा, न्यूट्रल करा आणि इंजिन चालू ठेवा. म्हणजे आम्ही नेमकं उलटं केलं होतं. तेल कूलरमधून फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि तापलेलं तेल जागच्या जागी.

आमचे तात्या गेली तीस वर्षं ट्रॅक्टर चालवतात. ते जवळ येऊन म्हणाले, "ताई, आमचा क्लच घसरला की वास तरी येतो. ह्या गाडीत काय घसरतंय त्ये सांगा की."

आणि मला सांगता येईना! टॉर्क कन्व्हर्टरवर मी परीक्षेत दोन पानं लिहिली होती, आकृतीसकट. पण मराठीत तोंडातून वाक्य फुटेना. शेवटी म्हटलं, "तात्या, समोरासमोर दोन पंखे धरा, मधे तेल. एक पंखा इंजिन फिरवतं. त्याच्या तेलाच्या झोतानं दुसरा फिरतो आणि तो चाकांना फिरवतो. चाकं अडली की दुसरा पंखा थांबतो, पहिला मात्र तेल घुसळतच राहतो."

तात्या लगेच म्हणाले, "म्हंजे त्यालच घसरतंय."

बरोब्बर! हेर्मान फोटिंगर या जर्मन इंजिनिअरने 1905 मध्ये जहाजांसाठी पेटंट घेतलेली ही कल्पना तात्यांनी तीन शब्दांत संपवली. ऑटोमॅटिकमध्ये घसरण्याचं काम तेल करतं आणि जी ताकद चाकापर्यंत पोचत नाही ती सगळी उष्णता होते.

किती उष्णता? हॉस्टेलवर परत आल्यावर हिशेब मांडला. गाडी अडली असताना इंजिन 40 किलोवॅट तेलात ओततंय असं धरा. तेल 8 लिटर, म्हणजे साधारण 6.8 किलो. त्याची विशिष्ट उष्मा सुमारे 2. भागाकार केला तर तेल दर सेकंदाला जवळजवळ 3 अंशांनी तापतं! धातू आणि कूलर थोडी उष्णता घेतात हे मान्य, पण अर्ध्या मिनिटात काय होईल याचा अंदाज तुम्हीच करा. हे तेल साधारण 80 ते 95 अंशांत सुखी असतं. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. तेल करपलं की सील कडक होतात आणि आतल्या क्लचप्लेट जळतात.

दादाचं म्हणणं, मोठा कूलर बसवू. आपल्या वर्गातही निम्मी मुलं हेच म्हणतील. जादा कूलर वाईट नाही. ट्रेलर ओढत आंबा घाट चढायचा असेल तर तो जरूर लावा. पण कूलर काही किलोवॅट बाहेर टाकतो आणि अडलेलं इंजिन चाळीस आत ओततं. ही शर्यत कूलर जिंकणार नाही. पहिला कूलर म्हणजे ड्रायव्हरचा उजवा पाय. आणि त्या पायाला शहाणं करणारी माहिती कप्प्यातल्या इंग्रजी पुस्तकात बंद!

माझं मत एवढंच आहे. गाडी तिच्या वजनाने कमी आणि आपल्या गप्प बसण्याने जास्त तापते. तात्यांना तीस वर्षांचा अनुभव आहे, पुस्तकात नेमकी सूचना आहे, आणि दोघांमध्ये उभी असलेली मी पोपटासारखी इंग्रजी व्याख्या पाठ करून बसले आहे. कोणी म्हणेल, इंजिनिअरिंगची भाषा इंग्रजीच, त्यात भांडण कसलं? परीक्षेची असेल हो! पण चिखलात उभं राहून गाडी हाकणाऱ्याची भाषा कुठली, हे कोण बघणार? आणि खरं सांगू? तात्यांना समजावेपर्यंत ते मलाही नीट समजलं नव्हतं.

म्हणून मी एक पान लिहिलंय. ते असं:

1. रुतलेली गाडी ओढण्याआधी ओझं उतरवा. आपल्या गाडीला किती वजन ओढायची परवानगी आहे ते आधी बघा.
2. चिखलात, चढावर, टोचन लावताना फोर-लो आणि खालचा गिअर टाका. इंजिनचा जोर वाढून चाकाला मिळतो आणि तेल कमी घसरतं.
3. गाडी हलत नसेल तर चार-पाच सेकंदांत पाय काढा. रेटू नका.
4. दिवा लागला तर थांबा, हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा, इंजिन चालू ठेवा.
5. रेडिएटर आणि कूलरच्या जाळीतलं पाचट, चिखल काढा. वारा लागला नाही तर कूलर असून नसल्यासारखा.
6. तेल काळपट झालं किंवा करपल्याचा वास आला तर लगेच गॅरेजला दाखवा.

आदरणीय सर आणि मॅडम, एक विनंती. टर्मवर्कच्या दहा असाइनमेंटपैकी एक अशी मराठी पानाची ठेवा ना! कुणी पंपसेटवर लिहील, कुणी ट्रॉलीच्या ब्रेकवर. मार्क एका अटीवर द्या, की ज्याच्यासाठी लिहिलं त्याने ते वाचून मान डोलावली पाहिजे.

त्या दिवशी शेवटी अर्धा ऊस खाली उतरवला, दुसरा ट्रॅक्टर आणला, आणि ट्रॉली निघाली. गाडीचं तेल बदलावं लागलं. बिल बघून काका दोन दिवस दादाशी बोलले नाहीत. माझं पान तात्यांनी वाचलं. मी 'स्लिप' लिहिलेल्या तीन ठिकाणी काट मारून 'घसर' करायला लावलं आणि घडी घालून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवलं. सरांनी परवानगी दिली तर एक प्रत वर्कशॉपच्या नोटीस बोर्डावरही लावीन.