गच्ची आपली, पॅनेल कुणाचं?

“इंजिनीअर होतोयस ना? मग सांग, सोलर विकत घेऊ की भाड्यानं?” बाबांचा फोन आला आणि मेसमधला घास घशातच अडकला!

माझ्या फीचं कर्ज डोक्यावर, म्हणून त्यांचा कल भाड्याकडे. आत्ता पैसे नकोत, दुरुस्तीही कंपनीची. पण असे करार बहुधा वीस-पंचवीस वर्षांचे. उद्या वर मजला चढवायचा तर आपल्याच गच्चीसाठी कंपनीला विचारा!

माझं मत : लहान घ्या, पण स्वतःचं घ्या. २ किलोवॅटला रोज साधारण ८ युनिट वीज. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्याला ६०,००० रुपये अनुदान ठरलं. ते बसवल्यावरच जमा होतं, तोवर ओढाताण होणार, हे मान्य.

मित्रांनो, असा फोन तुम्हालाही येईल. आधी वर्षभराची बिलं मागवा, मगच तोंड उघडा!