बंद हवं ते उघडं, उघडं हवं ते बंद!

आपल्या होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी एक जड करडा दरवाजा आहे. फायर डोअर. त्याला मराठीत 'अग्निरोधक दरवाजा' म्हणतात, हे मला (मी पडले कॉन्व्हेंटवाली!) हा लेख लिहायला घेतल्यावर कळलं. आपण मात्र त्याला ओळखतो 'वीट लावलेला दरवाजा' म्हणून. पाण्याचे जार वर न्यायचे असतात, डबेवाल्या मावशींचे हात भरलेले असतात, आणि तो धाडकन आपटला की झोपमोड होते. म्हणून कायमची वीट. याउलट तळमजल्यावरचा मागचा दरवाजा! तो संकटात बाहेर पडण्यासाठी आहे, आणि त्यालाच रात्री दहानंतर कुलूप.

आगीत माणसं ज्वाळांपेक्षा धुराने जास्त दगावतात. गरम धूर वर चढतो. जिन्याचं दार उघडं राहिलं की जिन्याचं धुराडं होतं, आणि वरच्या मजल्यांची सुटकेची वाटच बंद होते.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ९ जानेवारी २०२२ रोजी हेच झालं. १९ मजली इमारतीत खालच्या एका घरात इलेक्ट्रिक हीटरमुळे आग लागली. आग त्या घरापुरती आणि बाहेरच्या पॅसेजपुरतीच राहिली. पण पळताना घराचं दार मागे उघडं राहिलं. ते आपोआप बंद व्हायला हवं होतं, झालं नाही. वर जिन्याचंही एक दार उघडं होतं. १७ जण गेले, त्यात ८ मुलं. सगळे धुराने.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. पण ते प्रमाणपत्र त्या दिवसापुरतं खरं. मधल्या सहा महिन्यांत हा दरवाजा रोज शेकडो वेळा उघडतो. तेव्हा त्याच्याकडे बघणार कोण? माझं मत स्पष्ट आहे: आपणच. प्रत्येक विंगमधल्या दोघांनी महिन्यातून एकदा पाच मिनिटं द्यावीत.

दार अर्धं उघडून सोडा. ते आपलं आपण मिटून लॅच 'खट्' वाजला पाहिजे. वरच्या डोअर क्लोजरमधून तेल गळतंय का? बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले आहेत का? दार आणि चौकट यांतली फट साधारण ३ मिलीमीटर हवी, म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढी. कडेची पट्टी निघालेली नाही ना? ती उष्णतेने फुगून फट बुजवते, उगाच शोभेला नाही. आणि केबल ओढायला कोणी चौकटीला भोक तर पाडलेलं नाही ना? हे सगळं तारीख घालून वहीत लिहा. दुरुस्ती मात्र जाणकाराकडूनच.

आता दोन्ही बाजूंना एकेक विनंती. मित्रमैत्रिणींनो, दार आपटतं यावर उपाय वीट नाही. क्लोजरचा वेग स्क्रूने कमीजास्त करता येतो, तेवढं मेंटेनन्सवाल्या काकांना सांगा. दार उघडं ठेवणं अगदीच गरजेचं असेल तर फायर अलार्म वाजताच दार सोडणारे चुंबकी होल्डर मिळतात.

आणि रेक्टर सर, मॅडम, इन-टाइमची काळजी आम्हाला कळते. पण कुलपाची किल्ली वॉचमनच्या खिशात आणि वॉचमन मेन गेटवर, ही शिस्त मध्यरात्री महागात पडेल. मागच्या दाराला आतून ढकलताच उघडणारा पॅनिक बार बसवा, वर हवा तर अलार्म लावा. कोणी बाहेर पडलं तर तुम्हाला लगेच कळेल, आणि कोणी आत अडकणारही नाही.

आपण इंजिनीयर होणार, उद्या इतरांच्या इमारतींवर सह्या करणार. ती सवय राहत्या इमारतीपासून लावून घेतलेली काय वाईट?