‘क्वचित’ या शब्दाचा आडोसा

कर्करोगावरील औषधांच्या दुष्परिणामांविषयी बोलताना ‘क्वचित’ हा शब्द फार निर्धास्तपणे वापरला जातो. सार्कोमाच्या दोन प्रकारांवर अमेरिकेने २०१५ मध्ये मान्य केलेले ट्रॅबेक्टेडिन घ्या. मान्यतेपूर्वीच्या चाचणीत ते मिळालेल्या ३७८ रुग्णांपैकी ३ जण स्नायूंच्या विघटनाने दगावले. शेकडा एकाहूनही कमी, म्हणून क्वचित! पण त्याच रुग्णांपैकी १२२ जणांच्या रक्तात स्नायूंच्या इजेची खूण, क्रिएटिन कायनेज, वाढलेली होती, हे पुढचे वाक्य वाचण्याची तसदी कोण घेतो? सायटारबाइन, जेमसिटाबिन या सर्रास वापरातल्या औषधांनंतरही असे रुग्ण आढळले आहेत.

या विकारात स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे निकामी करते. लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांत बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये मूत्रपिंडांची हीच दुर्दशा नोंदविली होती. तेथे निदान ढिगारा डोळ्यांना दिसत होता. केमोथेरपीच्या रुग्णाच्या मांड्या ठणकतात, लघवी काळ्या चहासारखी होते, आणि घरचे म्हणतात, ‘औषधाची उष्णता आहे, आठ दिवसांत उतरेल.’ वेळीच शिरेतून भरपूर सलाइन दिले तर मूत्रपिंडे वाचू शकतात. आठ दिवसांनी नव्हे.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. घोषणा स्वागतार्हच आहे. मुंबईच्या फुटपाथवर रात्री काढणाऱ्या रुग्णांची त्यामुळे सुटका होईल. परंतु सकाळी औषध घेऊन सायंकाळी एस.टी.ने गावी परतणाऱ्या माणसावर पुढे लक्ष कोणी ठेवायचे? रुग्णालयाची खाट वाचली, तिचा खर्च निरक्षर घरावर पडला. याला काटकसर म्हणणे हे अर्थशास्त्र नव्हे, निव्वळ हिशेबातील लबाडी आहे.

दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा देशात २०१० पासून आहे. मात्र डॉक्टरांनी कळविणे ऐच्छिक! न कळविलेला मृत्यू कर्करोगाच्याच खाती पडतो, आणि ‘क्वचित’ आणखीच क्वचित होते.

औषधे नाकारावीत, असे कोणी म्हणत नाही. स्नायूंना धोका ज्ञात असलेल्या औषधाच्या प्रत्येक हप्त्यापूर्वी क्रिएटिन कायनेजची मोफत तपासणी, ठणका व काळी लघवी या दोन खुणा मराठीत वाचून दाखवून मग हाती दिलेले कार्ड, आणि रात्री उचलला जाणारा एक टेलिफोन, एवढे तरी त्या केंद्रांच्या अंदाजपत्रकात आधी धरले पाहिजे.