लॅबला अभियंता हवा

सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत 50 हजार अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची 2025च्या अर्थसंकल्पातील घोषणा स्वागतार्ह आहे. मात्र प्रत्येक लॅबशी उद्योगात काम करणारा एक तरी अभियंता जोडलाच पाहिजे, अशी आमची ठाम भूमिका आहे.

या लॅबमधील सेन्सर, मोटारी, थ्रीडी प्रिंटर पैशाने येतात. पण मुलांनी तिथे बांधलेल्या रोबोचा हात स्पर्धेच्या आदल्या दिवशी अडकला, तर दोष गिअरमध्ये, वायरिंगमध्ये की प्रोग्राममध्ये, हे शोधण्याची रीत पुस्तकातून येत नाही. कारखान्यात बंद पडलेली यंत्रे सुरू केलेल्या माणसाशेजारी उभे राहूनच ती अंगी बाणते. अमेरिकेत डीन केमन यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ संस्थेच्या स्पर्धांत शाळकरी संघ अभियंत्यांच्या सोबतीने रोबो बांधतात, ते याचसाठी. अर्थात, स्क्रू-ड्रायव्हर मुलांच्याच हाती राहिला पाहिजे. मार्गदर्शकानेच रोबो बांधून दिला, तर मुले काहीच शिकणार नाहीत.

ही सोबत मिळाली नाही, तर महागडी खासगी शाळा प्रशिक्षक नेमेल आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील साहित्य कपाटात कुलूपबंद राहील. दरी बुजवण्यासाठी आखलेली योजनाच ती रुंदावेल.

चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी येथील कारखान्यांत अनुभवी अभियंत्यांची वाण नाही. कंपन्यांनी त्यांना आठवड्यातून दोन तास, कामाचेच तास म्हणून, शाळेसाठी द्यावेत. शिक्षण विभागाने कोणती शाळा कोणत्या कारखान्याशी जोडली, याची जिल्हावार यादी पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी जाहीर करावी.